आधी ओळख, मग सूत्र

४ जुलै २०२२, सोमवार. साउरो कातीनीनं माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चारशे वीस युरो ठेवले आणि मला ते मोजून घ्यायला सांगितलं, कारण मी हिशेबनीस. जुलै-ऑगस्टच्या शिकवणीचे ते पैसे होते. आमच्या गावात शिकवणीचे पैसे कुणी आगाऊ देत नाही. तास झाला की नोट टेबलावर ठेवायची आणि निघायचं. साउरोनं आगाऊ दिले, म्हणजे माणूस घाबरलेला होता.

त्याची मुलगी नोएमी दाराशीच उभी होती. सतरा वर्षांची, पाठीला दप्तर, अंगठ्याचं नख दातांत. गणितात ती कमी पडली होती, त्यामुळे शाळेनं तिला जूनमध्ये पासही केलं नव्हतं आणि नापासही. निकाल राखून ठेवला होता. ऑगस्टअखेर तिची त्या एका विषयाची पुन्हा परीक्षा होणार होती, सकाळी लेखी आणि लगेच तोंडी.

"पास झाली तर शाळा," साउरो म्हणाला. "नाहीतर सप्टेंबरपासून माझ्या मेव्हण्याच्या बुटांच्या कारखान्यात. सोल चिकटवायला एक जागा आहे, तेवढ्यासाठी तो थांबलाय. तेच वर्ष परत करायचं नाही. एवढी वर्षं वाया घालवायला मी काही नोटरीसारखा पैसेवाला नाही."

"बाबा, त्या गोंदाचा वास डोक्यात जातो," नोएमी दाराशीच पुटपुटली.

"माझ्या डोक्यात पंधराव्या वर्षापासून जातोय. मेलो का मी?" मग माझ्या बहिणीकडे वळून आवाज खाली आणत त्यानं विचारलं, "बाई, होईल ना हो पास?"

पैसे उचलून एर्सिलियानं साखरेच्या डब्यामागे सरकवले आणि मुलीला विचारलं, "अंजिरं खातेस का गं? बस इथं."

एर्सिलिया माझी थोरली बहीण. खालच्या मजल्यावर ती एकटी राहते, वर मी आणि माझी बायको. सगळी नोकरी तिनं बदली शिक्षिका म्हणून केली. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणाचा पाय मोडला, की एर्सिलियाला फोन. धडा अर्धा झालेला असायचा. मुलांची नावं पाठ होईपर्यंत मूळ बाई परत यायच्या. कायम नोकरीसाठीची सरकारी परीक्षा तिनं दोनदा दिली. दोन्ही वेळा लेखी उत्तम झाली, आणि तोंडीला खडू हातात घेतल्यावर हात इतका थरथरला की तिनं फळ्यावर काय लिहिलंय ते समितीला वाचता येईना. तिसऱ्यांदा तिनं अर्जच केला नाही. घरात हा विषय कुणी काढत नाही.

अशा फिरतीच्या नोकरीमुळे तिला एक गोष्ट मात्र कळली. कायम शिक्षकाला आपल्या वर्गाच्या चुका माहीत असतात, हिला सगळ्या जिल्ह्याच्या माहीत होत्या आणि त्या सगळीकडे त्याच होत्या. सूत्र येत नाही म्हणून मुलं नापास होत नाहीत, असं ती सांगते. सूत्र सगळ्यांना येतं. सूत्रातली अक्षरं कोण आहेत, हे विचारायचं ती विसरतात.

जुलैत आमच्या सहकारी संस्थेचं कार्यालय दुपारी दोनला बंद होतं. माझी बायको समुद्रावर मुलीकडे गेली होती, म्हणून मी जेवायला खाली जात असे आणि शिकवणी माझ्या कानावर पडत असे.

पहिल्याच दिवशी नोएमीनं दप्तरातून पत्त्यांच्या जोडासारखा कार्डांचा जाड गठ्ठा काढला. गुलाबी, पिवळी, हिरवी.

"हे काय?" एर्सिलियानं विचारलं.

"सूत्रं. सहावीपासूनची. आईनं सगळी लॅमिनेट करून दिलीत."

"त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची तीन कार्डं कशाला?"

"एक सरळ, दोन उलटी. क्षेत्रफळावरून पाया काढायचा तर हे, उंची काढायची तर हे."

आमच्याकडे हे असंच शिकवतात. मीही असंच शिकलो. प्रत्येक सूत्र सरळ पाठ करायचं, मग त्याची उलटी रूपं वेगळी पाठ करायची. दोननं गुणायचं की भागायचं, हे मूल विचार करून ठरवत नाही, कार्ड आठवून ठरवतं. आणि परीक्षेच्या भीतीनं डोक्यातली कार्डं एकमेकांत मिसळतात.

"तुझ्या घराच्या दाराला किल्ल्या किती गं?" एर्सिलिया म्हणाली. "आत यायची एक आणि बाहेर जायची दुसरी?"

"एकच आहे."

"मग त्रिकोणाला तीन कशाला?"

तिनं गठ्ठा उचलून फ्रिजवर ठेवला. पोहता न येणाऱ्याच्या कमरेची हवेची रिंग काढून घ्यावी, तशा नजरेनं नोएमी फ्रिजकडे पाहत राहिली. पुढचा आठवडाभर ती प्रत्येक गणिताला मान वर करून तिकडेच बघायची.

मग आली ओळख. त्या वर्षी त्यांना अन्वस्त होता, म्हणजे कमानीसारखी वाकलेली रेषा. कमानीचं टोक कुठं आहे ते काढायचं असतं आणि त्याचं सूत्र आमच्या गावातला खाटीकसुद्धा सांगेल: उणे बी भागिले दोन ए. नोएमीनंही ते धडाधड म्हणून दाखवलं.

"छान. यातला ए कोण?"

"पहिला आकडा."

"पहिला म्हणजे?"

"पहिला लिहिलेला. मग बी, मग सी. ओळीनं."

"आणि लिहिणाऱ्यानं मुद्दाम ओळ बदलली तर? तुझा बाप जेवताना आईच्या खुर्चीवर बसला, तर तो आई होतो का?"

"परवा बसला होता," नोएमी म्हणाली. "आईनं उठवलं."

"तुझी आई हुशार आहे. क्षच्या वर्गाचा हात धरून जो उभा आहे, तो ए. रांगेत कुठंही असो. साध्या क्षजवळचा तो बी. एकटा उभा आहे तो सी. सूत्र लिहायच्या आधी कागदावर तिघांची ओळख लिहायची. ओळख झाल्याशिवाय कुणाला घरात घ्यायचं नाही."

"बाई, तुम्ही पोलिसात असायला हव्या होत्या."

"तिथंही मला बदलीवरच ठेवलं असतं. लिही."

ओळख तिला आठवड्याभरात जमली. उणे जमेना. उणेचं चिन्ह तिच्या हातून गळायचं, भोक पडलेल्या खिशातून नाणं गळावं तसं. ओळखीत उणे तीन लिहायची आणि दोन ओळींनंतर ते नुसतेच तीन व्हायचे. एर्सिलियानं नियम केला की उणे संख्या सूत्रात कंसातच बसवायची. मोकळी सोडली की पळते. शेवटी उत्तराची परीक्षा करायची. टोक सापडलं असं वाटलं, की त्याच्या एक पाऊल डावीकडं आणि एक पाऊल उजवीकडं कमानीची उंची काढून पाहायची. दोन्ही उंच्या सारख्या आल्या तर टोक खरं. नाही आल्या तर मागं जाऊन उणे शोधायचं.

"दरवेळी?" नोएमी कळवळून म्हणायची.

"दरवेळी."

दर शनिवारी साउरो यायचा. आत येत नसे. जिन्यात उभा राहून बोटांना चिकटलेला गोंद सोलत विचारायचा, "काय म्हणता, बाई?" एर्सिलिया म्हणायची, "करतेय." एका शनिवारी तो म्हणाला, "मेव्हण्याचा फोन आला होता. त्याला त्या जागेवर मोलदोव्हाहून आलेली एक बाई मिळतेय. एक तारखेपर्यंत सांग म्हणतो, नाहीतर ती जागा तिची." जिन्यातला आवाज आत ऐकू येतो. टेबलापाशी नोएमीनं पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी पाचपैकी तीन गणितांत उणे गळालं.

ऑगस्टच्या मध्यावर सगळे सुट्टीला जातात आणि गाव रिकामं होतं. बेकरी बंद, चर्चच्या पायऱ्यांवर कबुतरंसुद्धा कमी. झडपा ओढलेल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्या दोघी बसलेल्या असायच्या. नोएमीची नखं संपली होती, आता ती नखांभोवतालची कातडी खात होती. एर्सिलियाचं जेवण सुटलं. मी पास्ता उकळून समोर ठेवला तर दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि कोरडी बिस्किटं चघळत बसायची.

"परीक्षा तुझी आहे का?" मी एकदा विचारलं.

"लेखी तिला जमेल, दुइलियो," ती म्हणाली. "तोंडीला तिला फळ्यापाशी उभं करतील ना. फळ्यापाशी काय होतं, ते तुला माहीत नाही."



३० ऑगस्टला दोघींना मीच गाडीतून शाळेत घेऊन गेलो. शाळा शेजारच्या मोठ्या गावात आहे, अर्ध्या तासाचा रस्ता. साउरोला सुट्टी मिळाली नव्हती आणि नोएमीच्या आईला गाडी चालवता येत नाही. फाटकावर क्विंतो नावाच्या शिपायानं मुलांचे मोबाइल एका टोपलीत जमा करून घेतले. नोएमी मागं वळून न पाहता आत गेली.

आम्ही समोरच्या चौकातल्या रोझाल्बाच्या कॅफेत बसलो. रोझाल्बा जुनी ओळखीची.

"काय हिशेबनीस, निवृत्तीची तालीम चाललीय वाटतं? आठवड्याच्या मधेच सकाळी कॉफी?"

"अजून दीड वर्ष आहे," मी म्हणालो.

"मग चेहरा आत्ताच का उतरलाय दोघांचा?"

एर्सिलियानं तिचं बोलणं ऐकलंच नव्हतं. ती फाटकाकडे बघत होती.

साडेदहाला मुलं बाहेर आली. तासाभरानं तोंडी होती. नोएमी जवळजवळ पळतच आली, गाल लाल, आणि हसत होती. रोझाल्बानं तिच्यापुढं पीचचा रस ठेवला.

इथं एर्सिलियाची एक सवय सांगायला हवी. पेपर झाला रे झाला, की ती मुलांकडून गणितं जशीच्या तशी ऐकून घेते आणि तिथंच सोडवून बघते. तोंडीला बहुधा चुकलेलंच विचारतात, तेव्हा मुलाला आधी कळलेलं बरं, असा तिचा हिशेब. इतकी वर्षं ती हे करत आली होती आणि त्याचा फायदाच झाला होता.

"चारही सोडवली, बाई! टोकाचंसुद्धा."

"सांग. होतं तसं सांग."

नोएमीनं डोळे मिटून सांगितलं. "वाय बरोबर दोन, अधिक आठ क्ष, उणे दोन क्षवर्ग."

एर्सिलियानं कागदी रुमालावर ते लिहून घेतलं आणि खाली भराभर सोडवलं. "तुझं काय आलं?"

"दोन."

एर्सिलियाचा हात थांबला. रुमालावर तिच्या हातचं उत्तर होतं उणे दोन.

"उणे कुठं गेलं, नोएमी?"

"म्हणजे?"

"उणे दोन येतं. उणे गळालं. पुन्हा गळालं."

मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. आधी लाली गेली, मग हसू, मग अंगठा तोंडात गेला. "मी कंस केला होता," ती म्हणाली. "बाई, मी कंस केला होता."

"असेल. पुढच्या ओळीत गळालं असेल. आता ऐक, तोंडीला ते हेच विचारतील. घाबरायचं नाही. सरळ सांगायचं, माझी चिन्हाची चूक झाली, उत्तर उणे दोन. चूक स्वतःहून सांगितली की मास्तर खूश होतात."

"आजूबाजूच्या उंच्या काढून बघायला वेळच उरला नाही," नोएमी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सोलच चिकटवणार मी."

"मूर्खासारखं बोलू नकोस. रस पी."

तिनं रसाला हात लावला नाही. साडेअकराला पाच मिनिटं असताना ती गेली. येताना पळत आलेली, जाताना चौक ओलांडायला तिला किती वेळ लागला. फाटकाशी क्विंतोनं काहीतरी विनोद केला असावा, कारण तो एकटाच हसला.

एर्सिलिया रुमाल समोर घेऊन बसली होती. पेन्सिलीनं त्याच्या कडेला छोटे आकडे लिहीत होती. मला वाटलं, हात रिकामा राहू नये म्हणून. मग तिनं ते खोडले आणि पुन्हा लिहिले. तिच्या मानेवर लाल चट्टे उमटायला लागले.

"दुइलियो," ती म्हणाली, "उंच्या जुळत नाहीत."

"कसल्या उंच्या?"

"उणे दोनच्या दोन्ही बाजूंच्या. एकीकडं उणे आठ, एकीकडं उणे चाळीस." तिनं रुमाल माझ्याकडे फिरवला, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. "मी दोनला ए धरलं. पहिला लिहिलेला म्हणून पहिल्याला ए धरलं. ए उणे दोन आहे. शेवटी उभा आहे. तिचं बरोबर होतं."

ती उठली. खुर्ची मागं पडली, ती तिनं उचलली नाही. मी तिच्या मागं पळालो.

फाटकाचं दार क्विंतोनं ओढून घेतलेलं होतं.

"मला आत जायचंय. कातीनी नावाच्या मुलीला एक शब्द सांगायचाय."

"सिन्योरा, परीक्षा चालू आहे."

"म्हणूनच."

"म्हणूनच नाही. पालकांनाही नाही, पोपना पण नाही."

"एक चिठ्ठी द्या. फक्त लिहिते, की तुझं बरोबर होतं."

क्विंतो तिच्याकडे बघत राहिला. वाईट माणूस नव्हता तो. "अहो बाई, परीक्षेत उत्तराची चिठ्ठी आत नेली तर माझी नोकरी जाईल आणि पोरीचा पेपर रद्द होईल. तुम्ही शिकवलंय ना कुठंतरी? मग मला काय सांगता?"

त्याचं बरोबर होतं. एर्सिलिया फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. ऊन डोक्यावर आलं होतं, मी तिला सावलीत बोलावलं, पण ती हलली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"मी तिला चांगलं शिकवलं," ती म्हणाली, "आणि दारातून परत बोलावून चूक हातात दिली. मला उणे दोन दिसलं आणि मी धरून चालले की गळालं ते तिचंच. माझ्या हातचं तपासून बघायचं मनातसुद्धा आलं नाही. तिला सांगते दरवेळी तपास म्हणून."

"आत्ता तपासलंसच की."

"ती गेल्यावर."

साडेबारा वाजत आले तेव्हा नोएमी बाहेर आली. चालण्यावरून काही कळत नव्हतं. एर्सिलिया उठून उभी राहिली, पण पुढं झाली नाही.

"फळ्यावर तेच विचारलं," नोएमी म्हणाली. "सर म्हणाले, पेपरात तुझं दोन आहे, इथं करून दाखव. मला वाटलं, चुकलंय म्हणूनच विचारतायत. म्हणून मी पहिल्यांदा उणे दोनच लिहिलं."

"मग?"

"मग पुढं काय बोलायचं ते सुचेना. हातात खडू होता, नुसतं उभं राहण्यापेक्षा मी एक पाऊल डावीकडची उंची काढली, एक पाऊल उजवीकडची काढली. जुळेनात." ती थांबली. तिच्या बोटांवर खडू होता आणि ती तो पुसत नव्हती. "मग ओळख लिहिली. ए शेवटी होता, बाई. मग दोनच आलं. आजूबाजूला आठ आणि आठ."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, मग आधी उणे दोन का लिहिलंस? मी म्हटलं, घाबरले म्हणून."

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

नोएमीनं खांदे उडवले. "त्यांनी ए कोण विचारलं होतं. तुम्ही कोण, ते नव्हतं विचारलं."

एर्सिलिया हसली नाही. तिनं मुलीचा खडूचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "चूक माझी होती. मी ओळख न विचारता सूत्र वापरलं. तुझं सकाळपासून बरोबर होतं. हे तू तुझ्या बापाला सांगायचंस, मी सांगितलं म्हणून."

"निकाल लागू दे आधी," नोएमी म्हणाली. तिला अजून खात्री नव्हती. खरं तर आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

परतताना गाडीत ती झोपली. एर्सिलिया पुढच्या सीटवर ताठ बसून होती आणि प्रत्येक वळणावर दाराची मूठ धरत होती.

निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. दहापैकी सहा, म्हणजे बरोबर काठावर पास. साउरो या वेळी जिन्यात थांबला नाही, आत आला. आल्या आल्या म्हणाला, "मेव्हण्याला सांगितलं, त्या मोलदोव्हाच्या बाईला घे." मग त्यानं विचारलं की फ्रिजवरची कार्डं न्यायची का. एर्सिलिया म्हणाली, राहू दे.

नोएमी सध्या पुढच्या वर्गात आहे. गणितात बरी नाही, पण पडलेलीही नाही. एर्सिलिया अजून शिकवते. पेपर झाल्यावर मुलांकडून गणितं ऐकून घेणं मात्र तिनं बंद केलं. कुणी फोनवर सांगायला लागलं तर ती म्हणते, "तपासलंस का? मग मला नको सांगूस."

त्या गडबडीत कॅफेचे पैसे द्यायचे राहून गेले. दुसऱ्या आठवड्यात कार्यालयाच्या कामासाठी मी त्या गावी जाणार होतो, तेव्हा देऊन येईन म्हटलं, तर एर्सिलियानं अडवलं. बिल माझं आहे, मीच देईन, म्हणाली. त्या चौकात ती अजून गेलेली नाही. दोन कॉफी आणि एक पीचचा रस, चार युरो चाळीस सेंट, रोझाल्बाला द्यायचे बाकी आहेत.